दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक आणि त्याच्या पॉवर सप्लायची निवड

भाषाविषयक संशोधनात संगणकाचा उपयोग आता शब्दसूची लावण्यापुरता किंवा प्रबंधाच्या टंकलेखनापुरता राहिलेला नाही. ध्वनिमुद्रित बोलीचे लेखन करणारी, वाक्यातील पदांची व्याकरणिक ओळख पटविणारी प्रारूपे विभागातच घडवावीत, निदान अन्यत्र घडलेली प्रारूपे आपल्या सामग्रीला जुळवून घ्यावीत, ही आकांक्षा पदव्युत्तर विद्यार्थ्यांतही आढळते. या कामास ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरपूर लागते. म्हणून एकाऐवजी दोन कार्डे बसविलेला संगणक जुळवून घेण्याकडे कल वाढला आहे. अशी जुळणी करताना कार्डांचा, प्रोसेसरचा, मेमरीचा विचार बारकाईने होतो; पॉवर सप्लाय मात्र, ज्याला आपल्याकडील बाजारात सर्रास एसएमपीएस म्हणतात, तो शेवटी उरलेल्या पैशांत बसेल असा घेतला जातो. याचे फळ पुढे भोगावे लागते. तीन दिवस चाललेले प्रशिक्षण तिसऱ्या रात्री यंत्र एकाएकी बंद पडल्यामुळे खंडित होते. पडद्यावर सूचना नसते, नोंदीत कारण नसते, आणि दोष प्रोग्रॅमचा, सामग्रीचा की यंत्राचा याचा शोध घेण्यात आठवडा जातो. ज्या पेटीवर संशय यावयास हवा, तिच्यावर तो सहसा सर्वांत शेवटी येतो.

दोन कार्डे एकत्र जोडण्याची कल्पना नवी नव्हे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीने व्हूडू-२ या कार्डांची जोडी करण्याची सोय केली. त्यात पडद्यावरील एकाआड एक रेषा प्रत्येक कार्ड आखीत असे, म्हणून त्या पद्धतीस 'स्कॅन-लाइन इंटरलीव्ह' हे नाव पडले. पुढे २००४ मध्ये एन्व्हीडियाने तीच तीन आद्याक्षरे, एस्.एल्.आय्., कायम ठेवून 'स्केलेबल लिंक इंटरफेस' असा त्यांचा नवा विग्रह केला. संक्षेप टिकला आणि अर्थ पालटला, ही घटना शब्दार्थविचाराच्या अभ्यासकास मौजेची वाटावी. खेळांसाठी कार्डे जोडण्याची ती प्रथा आता जवळजवळ संपली आहे. गणनेसाठी मात्र दोन कार्डांना तशा खास जोडणीची अपरिहार्य गरज नसते; प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम करावे आणि ठराविक टप्प्यावर परिणाम एकमेकांस कळवावेत, एवढे पुरते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रत्यक्ष जुळणी डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट होईल. २०२० च्या सप्टेंबरात बाजारात आलेले आरटीएक्स ३०९० हे कार्ड चोवीस गिगाबाइट मेमरीमुळे अद्याप संशोधकांना हवेसे वाटते आणि वापरलेल्या मालाच्या बाजारात त्याला मागणी आहे. त्याची नियत विद्युत्शक्ती ३५० वॅट. अशी दोन कार्डे आणि रायझन ९ ५९५०एक्स हा प्रोसेसर घेतला, तर कार्डांचे ७०० वॅट, प्रोसेसरचे मूळ मर्यादेनुसार १४२ वॅट, आणि मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांचे सुमारे ७० वॅट धरून बेरीज ९१२ वॅट होते.

आता यात ओव्हरक्लॉकिंगची भर पडली म्हणजे काय होते ते पाहावयाचे. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे निर्मात्याने ठरविलेल्या गतीहून अधिक गतीने चिप चालविणे. गती वाढविली की ती स्थिर राहावी म्हणून बहुधा विद्युद्दाबही वाढवावा लागतो. आणि खर्ची पडणारी शक्ती गतीच्या समप्रमाणात, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती ८ टक्के व दाब ५ टक्के वाढविला, तर शक्तीची वाढ १३ टक्के न होता सुमारे १९ टक्के होते. लाभ आठ टक्क्यांचा आणि भार एकोणीस टक्क्यांचा, असा हा व्यवहार आहे. आधुनिक कार्डांवर शक्तीची एक कमाल मर्यादा आज्ञावलीनेच घातलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ती दहा टक्क्यांनी वर सरकवतो असे मानले, तर प्रत्येक कार्ड ३८५ वॅट, दोन मिळून ७७० वॅट घेईल. प्रोसेसरही बंधने सैल केल्यावर २०० वॅटांच्या पुढे जातो. तो २२० धरला आणि इतर भागांचे ७० मिळविले, की बेरीज १,०६० वॅट येते. म्हणजे केवळ सरासरीचा विचार केला, तरी मूळ जुळणीला कसाबसा पुरणारा १,००० वॅटांचा संच येथे अपुरा ठरतो.

परंतु सरासरीवरून निर्णय घेणे हीच या विषयातील सर्वांत मोठी चूक होय. ग्राफिक्स कार्डाची शक्तीची ओढ एकसारखी नसते. हजारो गणनाकेंद्रे एकाच क्षणी जागी होतात, तेव्हा मिलिसेकंदाच्या अल्पांश काळापुरती ती ओढ नियत आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेते. ३०९० च्या बाबतीत ५०० वॅटांहून मोठ्या उसळ्या चाचण्यांत मोजल्या गेल्या आहेत. वीज मोजण्याच्या घरगुती मापकावर त्या दिसत नाहीत, कारण ते मापक सरासरी दाखविते. पॉवर सप्लायमधील संरक्षक मंडलास मात्र त्या जाणवतात. अतिभार झाला असे समजून ते पुरवठा तोडते आणि यंत्र कोणतीही नोंद न ठेवता बंद पडते. वर वर्णिलेल्या तिसऱ्या रात्रीच्या घटनेचे मूळ बहुधा येथे असते.

प्रशिक्षणाच्या कामात दोन कार्डांमुळे ही अडचण दुणावते, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. खेळात दोन कार्डांच्या उसळ्या पुष्कळदा वेगवेगळ्या क्षणी येतात आणि एकीची ओहोटी दुसरीच्या भरतीला सांभाळून घेते. सामग्री वाटून प्रशिक्षण देताना मात्र दोन्ही कार्डे प्रत्येक पायरीच्या शेवटी परस्परांसाठी थांबतात व पुढील पायरीचा आरंभ एकाच क्षणी करतात. लावणीच्या फडात ढोलकी आणि तुणतुणे ज्याप्रमाणे समेवर एकत्र येतात, त्याप्रमाणे दोन्ही कार्डांची ओढ एकत्र येते, आणि हे दिवसभर, सेकंदास कैक वेळा घडत राहते. प्रत्येकी ५५० वॅटांची उसळी गृहीत धरली, तर क्षणिक मागणी १,३९० वॅटांपर्यंत जाते.

या अनुभवातूनच संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकात सुधारणा झाली. मूळ एटीएक्स मानक इंटेलने १९९५ मध्ये प्रसृत केले होते. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीने, नव्या सोळा पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या ४५० वॅटांहून मोठ्या संचांनी आपल्या नियत शक्तीच्या दुपटीची उसळी १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसली पाहिजे अशी अट घातली. दहा मिलिसेकंदांसाठी हे प्रमाण १६० टक्के आहे. त्यामुळे १,२०० वॅटांचा या मानकाचा संच वरील उसळी सहज पेलतो, आणि अतिभाराला हळवा असलेला त्याच शक्तीचा जुना संच ती पेलेलच असे नाही. सारांश, पेटीवरील वॅटांचा आकडा समान असूनही दोन संच समान नसतात. वर घेतलेल्या ओव्हरक्लॉक केलेल्या जुळणीसाठी एटीएक्स ३.० चा १,२०० वॅटांचा संच चालेल. उन्हाळ्याचा विचार करता १,३०० वॅटांचा घेणे अधिक सुरक्षित, कारण त्यावर सततचा भार सुमारे ८० टक्के राहील. मोठा संच घेतल्याने विजेचे बिल वाढते हा समज निराधार आहे. संच मागितली तेवढीच शक्ती पुरवितो.

लेबल वाचताना एकूण वॅटांपूर्वी १२ व्होल्टांच्या वाहिनीवरील अँपिअर पाहावेत. कार्डे आणि प्रोसेसर यांचा जवळजवळ सर्व भार याच वाहिनीवर असतो. १,००० वॅट असे ठळक छापलेल्या पेटीवर १२ व्होल्टांपुढे ७० अँपिअर लिहिलेले असतील, तर ती या कामापुरती ८४० वॅटांचीच समजावी. त्याच लेबलावरील '८० प्लस गोल्ड' यांसारखी बिरुदे केवळ कार्यक्षमता सांगतात. ही योजना २००४ मध्ये सुरू झाली. तिची तपासणी सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात होते आणि वाहिनीवरील तरंग, उसळी सोसण्याची शक्ती किंवा भागांचे आयुष्य यांविषयी ती काहीच बोलत नाही. विदर्भ-खानदेशातील मे महिन्यात, जेथे बाहेरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेथे निर्मात्याने पूर्ण शक्तीची हमी ४० अंशांपर्यंत दिली आहे की ५० अंशांपर्यंत, हा प्रश्न बिरुदाच्या रंगाहून महत्त्वाचा आहे.

यानंतर तारांचा विचार. हा भाग क्षुल्लक वाटतो. तथापि अपघात येथेच होतात. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळू शकतात, आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅट. दोन जोडण्यांच्या कार्डाची वैध मर्यादा म्हणून ३७५ वॅट ठरते. ३८५ वॅटांची अपेक्षा असेल, तर तीन जोडण्यांचेच कार्ड हवे. दोन कार्डांस अशा सहा जोडण्या लागतात, आणि त्या सहाही स्वतंत्र तारांनी संचापर्यंत जाव्यात. पुष्कळ तारांना टोकाशी दोन तोंडे दिलेली असतात व दोन्ही वापरण्याचा मोह होतो. आठ पिनांच्या तारेत १२ व्होल्टांचे धागे तीनच असतात. एका तोंडातून १५० वॅट घेतले, तर प्रत्येक धाग्यातून सुमारे ४.२ अँपिअर वाहतात. दोन्ही तोंडांतून मिळून ३०० घेतले, तर ८.३. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हे शालेय पदार्थविज्ञान येथे विसरता कामा नये.

सुट्या होणाऱ्या तारांविषयी याहूनही गंभीर इशारा द्यावा लागतो. कार्डाकडील टोकाची रचना मानकाने ठरलेली आहे. संचाकडील टोकाची ठरलेली नाही. एका निर्मात्याची तार दुसऱ्याच्या संचात नेमकी बसते आणि तरीही तिच्यातील धाग्यांचा क्रम भिन्न असू शकतो. 'चेष्टा' हा शब्द मराठीत थट्टा सुचवितो आणि हिंदीत प्रयत्न. रूप तेच, अर्थ निराळा. भाषेतील अशा फसगतीने फार तर हसे होते. येथील फसगतीने कार्ड, डिस्क आणि तिच्यावरील ध्वनिमुद्रणे क्षणात नष्ट होतात. जुना संच काढून नवा बसविताना जुन्या तारा जागेवरच राहू देण्याचा आळस म्हणूनच महागात पडतो. नव्या कार्डांवरील सोळा पिनांच्या जोडणीबाबतही सावधगिरी हवी. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० च्या काही जोडण्या वितळल्या. जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते, आणि २०२३ मध्ये तिची रचना सुधारावी लागली.

संचाच्या पलीकडे भिंतीतील वीज आहे. १,०६० वॅटांचा भार ९० टक्के कार्यक्षमतेने पुरविण्यास भिंतीतून सुमारे १,१७८ वॅट घ्यावे लागतात. २३० व्होल्टांवर हा प्रवाह ५.१ अँपिअर होतो, आणि अखंड चोवीस तासांत सव्वाअठ्ठावीस युनिटे खर्च होतात. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, त्यातही फाटे फोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर, असे यंत्र दिवसेंदिवस चालविणे योग्य नव्हे. सोळा अँपिअरचे सॉकेट व खात्रीचे अर्थिंग हवे. यूपीएसच्या बाबतीत व्होल्ट-अँपिअर आणि वॅट यांचा घोटाळा नेहमी होतो. सहाशे व्होल्ट-अँपिअरचा स्वस्त यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणजे या यंत्राचे एक कार्डही तो नीट चालवू शकणार नाही. ०.८ शक्तिगुणक धरल्यास १,१७८ वॅटांस जवळजवळ १,५०० व्होल्ट-अँपिअर लागतात. उसळ्यांचा विचार करता २,००० हून लहान यूपीएस घेऊ नये, आणि त्याचा तरंग शुद्ध साइन असावा.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे, आणि तो रास्तही आहे. खेळात ओव्हरक्लॉकिंगमुळे गणना चुकली, तर पडद्यावर एखादा ठिपका चमकून जातो. प्रशिक्षणात चुकलेला आकडा प्रारूपात मुकाट्याने मिसळून जातो आणि निष्कर्षात उतरतो. बोलीच्या अभ्यासकाला आठ टक्के वेगापेक्षा हा धोका निश्चितच जड वाटला पाहिजे. याउलट कार्डाची मर्यादा ३५० वरून २८० वॅटांवर आणली, तर काम सामान्यतः दहा टक्क्यांहून कमी मंदावते. दोन कार्डांचे ५६०, प्रोसेसरचे १४२ व इतर ७० मिळून भार ७७२ वॅटांवर येतो आणि १,००० वॅटांचा चांगला संच पुरतो. ही मर्यादा एन्व्हीडियाच्या आज्ञावलीतील एका ओळीने घालता येते. मात्र यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती पुन्हा घालावी लागते. अनुदान तुटपुंजे असलेल्या विभागाने ओव्हरक्लॉकिंगचा नाद सोडून हाच मार्ग पत्करावा आणि वाचलेल्या पैशांतून यूपीएस घ्यावा.

संच कोणताही घेतला, तरी तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याची कसोटी घ्यावी. दोन्ही कार्डांवर प्रत्यक्ष प्रशिक्षणाचाच भार घालून आणि प्रोसेसरही गुंतवून यंत्र सलग एक रात्र चालवावे. शक्यतो पंखे बंद असलेल्या खोलीत, दुपारच्या उकाड्यातही काही तास चालवावे. भार असताना १२ व्होल्टांची वाहिनी मल्टिमीटरने तपासावी. पडद्यावर दिसणारा मदरबोर्डाचा आकडा पुष्कळदा भरवशाचा नसतो. मानकाने पाच टक्क्यांची सवलत दिली आहे, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्ट. पूर्ण भार येताच काटा ११.४० च्या खाली उतरत असेल, किंवा यंत्र एकदा जरी आपोआप बंद पडले, तर तारा व सॉकेट तपासून संच दुकानदाराकडे परत न्यावा.