फिशपाँड, पंखा आणि आजोबांची काठी

गॅदरिंगच्या फिशपाँडला स्टेजवर खरीखुरी गळाची काठी पाहिजे, ही अफलातून आयडिया आमच्या विंगमध्ये नक्की कोणाला सुचली हे आता कोणीच कबूल करत नाही. काठी मात्र मी आणली. मालवणहून, आजोबांची, "जशीच्या तशी परत आणते" असं सांगून. रूमवर रिहर्सल चालली होती. मी ऐटीत काठी वर केली आणि वर पंखा फिरत होता. टक्क! टोकाचा सात सेंटिमीटरचा तुकडा रिंगेसकट रूममेटच्या जर्नलवर जाऊन पडला.

फिशपाँड दणक्यात झाला. (मला पडलेला पाँड छापण्यासारखा नाही.) माझं मात्र कशात लक्ष नव्हतं. सात फुटांतले सात सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं सगळ्याजणी म्हणत होत्या. पण त्यांनी आजोबांना जेटीवर बसलेलं पाहिलेलं नाही.

आजोबा पूर्वी काठी वापरतच नसत. जेटीच्या कडेला बसायचं, समोर सिंधुदुर्ग किल्ला, तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी तर्जनीवरून पाण्यात सोडलेली, खाली शिसं, गरी आणि गरीला कोलंबी. मासा नुसता टोचा मारून गेला तरी बोटाला कळायचं. नंतर बाबांनी त्यांना ही ग्लास फायबरची काठी आणि रीळ आणून दिलं, आणि बोटाचं काम काठीच्या टोकाकडे गेलं. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी हाताला लागणाऱ्या थरथरीवरून मासा की नुसतं शेवाळ ते सांगतात. "काठी बोलता, आपण आयकूचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मोडलं होतं ते बोलणारं टोक.

आता थोडं एस.ओ.एम. (घाबरू नका, व्हायवा नाही.) काठी म्हणजे एका बाजूने हातात पकडलेला कँटिलीव्हर, मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला. भरीव गोल काठीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणून टोक जरा बारीक असलं की एवढ्याशा ओढीनेही वाकतं. मधला भाग हलतही नाही तेव्हा टोक मान डोलावत असतं. याच कारणाने ते मोडतंही लवकर. मासा लागल्यावर काठी अगदी सरळ उभी धरून उचलायला गेलं की सगळा वाक टोकाशी गोळा होतो. गरी खडकात अडकली तर दोरी हाताला फडकं गुंडाळून ओढावी, काठीने ओढू नये. शिवाय गाडीचे दरवाजे आणि (अनुभवाचे बोल) पंखे आहेतच.

माझा पहिला प्रयत्न म्हणजे शुद्ध हॉस्टेल-छाप जुगाड. मोडक्या छत्रीची काडी कापली, ती पन्हळीसारखी असते ना, त्या चार सेंटिमीटरच्या पन्हळीत दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून बसवले, वरून दोरा आणि झटपट चिकटणारा गोंद. दिसायला झकास! हॉस्टेलच्या गच्चीवर शिसं बांधून काठी झोकली आणि दुसऱ्या फेकीला पुन्हा टक्क. गंमत म्हणजे मूळ जोड शाबूत होता. मोडलं ते पन्हळीच्या खालच्या कडेला.

एस.ओ.एम.च्या सरांना तुकडे नेऊन दाखवले. त्यांनी हसून विचारलं, "प्लॅस्टर जिथे संपतं तिथे काय होतं?" तेव्हा ट्यूब पेटली. लवचीक काठीवर मी मध्येच एक ताठ तुकडा बांधला होता. तेवढा भाग वाकत नाही, मग सगळं वाकणं त्याच्या कडेवर येऊन साचतं आणि काठी तिथेच जाते. तो गोंदही सुकल्यावर ठिसूळ होतो, धक्का सोसत नाही. काठी मध्यावर मोडली असेल तर आत भरीव कांडी किंवा बाहेरून निमुळती नळी घालून सांधावी लागते. पण टोकाला सांधणं हा मार्गच नव्हे. मोडलेला भाग सोडून द्यायचा आणि उरलेल्या काठीला नवी टोकरिंग बसवायची. ("अग्रवलय" असा शब्द मॅडमनी सुचवला होता. मी कॉन्व्हेंटवाली, मला तो उच्चारायलाच दोन दिवस लागले. टोकरिंग चालवून घ्या.)

सगळी गफलत होते ती कापताना. पक्कडीने किंवा कटरने कधीही तोडू नका. फायबर चेपतात, उभे चिरतात आणि चीर पुढे सरकत राहते. मी चांगल्या भागावर घट्ट चिकटपट्टी गुंडाळली, वर्कशॉपमधून बारीक दातांचं हॅकसॉ ब्लेड आणलं आणि काठी हळूहळू फिरवत चारी बाजूंनी कापली. मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने टोक सपाट केलं. पेपर ओलाच हवा. काचेची धूळ उडाली की अंगाला खाज सुटते आणि नाकात गेलेली तर अजिबात चांगली नाही, रुमाल बांधा.

आता नऊ सेंटिमीटर गेले होते. व्हर्नियर लावला, जुन्या टोकाचा व्यास २ मिमी, नव्याचा २.३. जुनी रिंग बसणार नव्हती. टोकरिंगच्या नळीचं माप पुष्कळदा इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. ६ नंबर म्हणजे ६/६४ इंच, म्हणजे २.३८ मिमी. ती बरोब्बर सरकून बसली. घट्ट होते म्हणून ठोकून बसवू नका, मोठी रिंग आणा. विकत घेताना आतून कापूस फिरवून बघा, कुठे तंतू अडकला तर आतल्या कड्याला तडा आहे, तो दोरी कापणार.

चिकटवायला अ‍ॅराल्डाइट चालतं, पण ते कायमचं. मी गॅदरिंगच्या डेकोरेशनमधली ग्लू स्टिक वापरली. काठीचं टोक स्पिरिटने पुसून वितळलेल्या गोंदाचा पातळ थर दिला, धातूची नळी लायटरवर जराशी गरम केली, फिरवत सरकवली आणि मुठीकडून एक डोळा मिटून बाकीच्या रिंगांशी रेषेत आणली. हे सगळं गोंद गार व्हायच्या आत! ज्योत नळीला दाखवायची, काठीला नाही. काठीतलं रेझिन जळालं तर ती गेलीच. कार्बनची काठी असेल तर दुप्पट जपा. (कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा तारांखाली ती वर करू नका, हे खास इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी.) ग्लू स्टिकचा फायदा असा की पुढे रिंग बदलायची झाली तर नळी पुन्हा गरम केली की निघते. तोटा असा की उन्हात बंद गाडीत काठी ठेवली तर गोंद मऊ पडू शकतो.

टोकाशेजारची रिंग आता फारच जवळ आली होती. तिचा दोरा ब्लेडने सोडवला, रिंग थोडी खाली घेतली, शिवणाच्या दोऱ्याने एकाला एक लागून वेढे दिले आणि वरून अ‍ॅराल्डाइटचा हात. यात अख्खा रविवार गेला.

आणि तरीही हिशोब सुटत नव्हता. २.३ भागिले २, त्याचा चौथा घात १.७५. म्हणजे टोकाशी काठी पावणेदोन पट ताठ झाली होती. दुरुस्ती कितीही सुबक असली तरी हे गणित काही बदलत नाही.

मे महिन्यात काठी परत नेली. काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आजोबांनी हातात घेतली, एकदा झुलवली. "काठी आखूड कित्याक झाली गो?" पंधरा सेकंदही टिकले नाही मी. सगळं सांगितलं, पंखा, छत्री, चौथा घात, सगळं. ते काही बोलले नाहीत, टोकरिंगवरून अंगठा फिरवत राहिले.

संध्याकाळी जेटीवर गेलो. तासाभरात दोनदा कोलंबी कुरतडून गेली आणि त्यांना पत्ताच लागला नाही. मला इतकं वाईट वाटलं, की नवी काठी घेऊ या म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी जड शिसं काढून हलकं बांधलं, काठी मांडीवर टेकवली आणि रिळाच्या पुढचा तंगूस हळूच उचलून तर्जनीवर घेतला. "असांदे," म्हणाले, "कोलंबी दी."