वाळे, मनगट्या आणि माया

पवारांमागोमाग अठराव्या शतकात मराठी घरे धार-देवासला आली. सोबत बाळाचे चांदीचे वाळे, बिंदल्या आणि काळ्या मण्यांच्या मनगट्याही आल्या. दूर मध्य आशियात तुर्कमेन आया मुलाच्या अंगरख्यावर, पाठीशी, धनुष्यबाणाच्या आकाराचा चांदीचा ताईत शिवत. दोन्हीकडे आस एकच: लेकरू जगावे.

तरुणपणी एका तान्हुल्याच्या मनगट्या, मणी घशात अडकेल या भीतीने, मी न विचारता कापल्या. आजी जमिनीवरचे मणी मुकाट्याने वेचत राहिली. माझी भीती रास्त होती, रीत चुकली. आता मी आधी आजींना विचारतो, मग मण्यांऐवजी साधे वाळे सुचवतो. आणि करगोटा सैल झाला का, हेही विचारतो. बाळ वाळल्याचे आजींना वजनकाट्याआधी त्यावरूनच कळते.