पदवीची निवड आणि दहावीचें वर्ष

विद्यापीठाची पदवी कोणती घ्यावी, हा प्रश्न वास्तविक कॉलेजाच्या दाराशीं उभें राहिल्यावर सोडवावयाचा. परंतु आपल्याकडील शिक्षणक्रमाची रचनाच अशी आहे कीं, त्याचें निम्में उत्तर पंधराव्या-सोळाव्या वर्षींच द्यावें लागतें. दहावीचा निकाल लागतांच कला, वाणिज्य कीं विज्ञान हें ठरतें. आणि विज्ञान घेतलें तर गणित ठेवावें कीं जीवशास्त्र, हेंही ठरतें. पुष्कळ घरांत हा निर्णय चार दिवसांत, शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून, उरकला जातो. पदवी निवडण्याची घाई करूं नये. पण कोणती पदवी कोणत्या विषयावांचून मिळत नाहीं, हें मात्र आधीं जाणून घ्यावें. एवढा भेद ध्यानांत आला तरी पुढील बराच मनस्ताप टळतो.

कोल्हापुरांत १८८० सालीं राजाराम कॉलेज निघालें, तेव्हां हा पेंच इतका बिकट नव्हता. मॅट्रिक झालेला विद्यार्थी बहुधा बी.ए.च्याच वाटेला लागे. त्या कॉलेजांत कांहीं काळ शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. पुढें पुण्यास त्यांनीं गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले, अंकगणिताचें पाठ्यपुस्तक लिहिलें आणि अखेर देशाच्या अंदाजपत्रकावरील भाषणांनीं कीर्ति मिळविली. पाया पक्का असला म्हणजे माणूस आपल्या पदवीच्या कक्षेबाहेर किती दूर जाऊं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण होय. १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षण घराजवळ आलें. पदव्या वाढल्या तसे वाटेला फांटेही फुटले. आणि फांटा चुकला तर मागें फिरणें महाग पडूं लागलें.

हे फांटे कोठें फुटतात? महाराष्ट्रांत सी.ई.टी. देऊन अभियांत्रिकीस जावयाचें तर बारावीस भौतिकशास्त्र व गणित लागतें. वैद्यकीची ‘नीट’ परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांवर होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून भूदलांत जाण्यास कोणतीही शाखा चालते. हवाईदल व नौदल यांस मात्र भौतिकशास्त्र, रसायन व गणित आवश्यक आहे. उलट, कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम व सनदी लेखापालाची पहिली परीक्षा यांस कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसूं शकतो. म्हणून ज्याचें मन ठरलेलें नाहीं आणि ज्यास गणित झेपतें, त्यानें केवळ भीतीपोटीं गणित टाकूं नये. यंत्रकामाची गोडी असलेल्यास आणखी एक वाट आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो.

विषय झेपणें आणि त्याची गोडी असणें या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. आणि पेशाची प्रतिष्ठा ही तिसरी. गोडी तपासण्याचा सोपा उपाय असा कीं, हव्या असलेल्या पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढून मुलानें स्वतः वाचावा. नववीच्या सुटींत शिवाजी उद्यमनगरांतील फाउंड्री पाहावी, जिल्हा न्यायालयांत बसून कामकाज ऐकावें. डॉक्टर व्हावयाचें म्हणणाऱ्या मुलीस रुग्णालयांतील रात्रपाळी कशी असते, हें कोणीं तरी सांगावें. कामाचा कंटाळवाणा भाग पाहूनही जी इच्छा टिकते, तीच खरी.

खर्चाचा विचार मुलापासून लपवूं नये. शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं, तीं याच जाणिवेनें. शिक्षण अडतें तें पुष्कळदां राहण्या-जेवण्यापाशीं. त्यांच्याच नांवाची शुल्क-शिष्यवृत्ति आज राज्यांत चालूं आहे. ज्या घरांचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काची पूर्ण माफी २०२४ सालीं जाहीर झाली. तिचे नियम प्रवेशापूर्वीं वाचावेत आणि दाखले आधींच काढावेत. वसतिगृहाचा व खाणावळीचा खर्च मात्र निराळा धरावा.

एवढें करूनही निवड चुकूं शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाच्या जोडीस दुसरा गौण विषय घेण्याची सोय केली आहे; तीन वर्षांनीं पदवी आणि चौथ्या वर्षीं ऑनर्स अशा पायऱ्याही ठेविल्या आहेत. सोळाव्या वर्षीं आयुष्याचा शेवटचा निकाल लागत नाहीं. त्या वयांत मुलानें विषय डोळसपणें घ्यावेत आणि आईबापांनीं आपल्या अपुऱ्या इच्छा त्याच्या दप्तरांत भरूं नयेत. निर्णयास मुलाचा स्वतःचा रुकार असला, तर पुढें अडचण आली तरी तो ती आपली मानून सोडवितो. लादलेल्या पदवीचें ओझें मात्र पदवीदानानंतरही खांद्यावरून उतरत नाहीं.