गाडी चालवताना मोबाईलच्या मॅपवर किती विसंबायचं?

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेले तिघे मध्यरात्रीनंतर कोतूळजवळ पोहोचले. (हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं, आपल्या शेजारचं अकोला नव्हे.) मॅपने दाखवलेला रस्ता एका पुलावरून जात होता आणि तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले. गाडी चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तिथेही मॅप सुरू असल्याचं समोर आलं.

अशा बातमीनंतर पहिला प्रश्न असतो, ‘समोरचं दिसत नव्हतं का?’ डॉक्टर म्हणून मला वाटतं, प्रश्न फक्त डोळ्यांचा नाही.

विश्वास बसला की तपासणं थांबतं

एखादं यंत्र शंभर वेळा बरोबर निघालं की एकशे एकाव्या वेळी आपण त्याचं म्हणणं पडताळून पाहत नाही. मेंदू मेहनत वाचवतो. विमान चालवणाऱ्यांमध्ये हे दिसतं आणि आम्हा डॉक्टरांमध्येही. मशीनवर बीपी १८० दिसलं की दंडाच्या मानाने पट्टा लहान तर नाही ना, हे बघायचं कधीकधी राहून जातं. ‘सरळ जा’ असा आवाज येत असताना समोरचा काळोख, ओला रस्ता, आडवे टाकलेले दगड डोळ्यांना दिसतात, पण मेंदू त्यांचा अर्थ लावत नाही.

मेंदूतला नकाशा

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी आणि जागांचा नकाशा हे त्याचं काम. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली तिथल्या संशोधकांना या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. २०१७ मध्ये लंडनमध्येच आणखी एक प्रयोग झाला. रस्ता स्वतः शोधताना नव्या रस्त्यावर शिरलं की हा भाग जास्त काम करायचा. यंत्राच्या सूचनेवर चालताना तसं होत नव्हतं. म्हणजे मॅपवर दहा वेळा गेलेला रस्ता अकराव्या वेळी नवाच वाटतो, त्यात तुमची बुद्धी कमी नाही. तो रस्ता मेंदूने कधी नोंदवलाच नव्हता.

२०२० च्या कॅनडातल्या एका अभ्यासात जास्त जीपीएस वापरणाऱ्यांची दिशांची आठवण तीन वर्षांत अधिक घसरलेली दिसली. मात्र तीन वर्षांनी पुन्हा तपासलेली माणसं फक्त १३ होती. त्यामुळे मॅप वापरल्याने स्मृतिभ्रंश होतो, असे मेसेज आले तर पुढे पाठवू नका.

आपल्या भागात काय करायचं?

पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जातं, हे मालेगाव-मानोऱ्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मॅपला ते कळेलच असं नाही. वाहतं पाणी जेमतेम फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. मॅप काहीही म्हणो, गाडी थांबवा आणि पानटपरीवर विचारा. कुणी भेटलं नाही तर मागे फिरा. रात्री अनोळखी भागात दहा मिनिटं वाचवणारा कच्चा रस्ता नकोच.

शेलूबाजारहून समृद्धीवर चढलं की धोका उलटा असतो. वळण नाही, सूचना नाही, मेंदूला काम नाही. १२० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी सुमारे ६६ मीटर पुढे गेलेली असते. निघण्यापूर्वी दोन मिनिटं पूर्ण मार्ग बघून घ्या, मोठी गावं लक्षात ठेवा. नंतर आवाज चालू ठेवा आणि मोबाईल शेजारच्याच्या हाती द्या. एकटे असाल तर मोबाईल स्टँडवर लावा आणि ठिकाण बदलायचं असल्यास गाडी बाजूला घ्या. ओळखीच्या रस्त्यावर मॅप बंदच ठेवा. एखादं वळण चुकलं तर चुकू द्या.

घरातल्या ज्येष्ठांकडे लक्ष द्या

माझ्या मते ही सर्वांत कमी बोलली जाणारी बाब आहे. नेहमीच्या रस्त्यावर गोंधळणं हे अल्झायमरचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. पूर्वी बाबा बाजारातून उशिरा आले की घरच्यांना कळायचं. आता मॅप त्यांना बरोबर घरी आणून सोडतो आणि लक्षण झाकलं जातं. तीस वर्षं वाशीमहून कारंज्याला जाणारा माणूस त्याच रस्त्यासाठी मॅप लावू लागला, किंवा मॅपशिवाय गाडी काढायला घाबरू लागला, तर सहज विचारा.

प्रत्येक वेळी कारण अल्झायमरच असतं असं नाही. मोतीबिंदू, बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही असं होतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. दाखवायला येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणा आणि रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या. रस्ता चुकल्याचं रुग्ण स्वतः क्वचितच सांगतो.