भुलीची औषधे : क्रम आणि अवधी

‘भूल’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत : एक चूक, व दुसरा शस्त्रक्रियेसाठी आणलेली बेशुद्धी. ‘भूल दिली’ या प्रयोगामुळे ही क्रिया एका औषधाने, एका क्षणी साधते असा समज होतो. वस्तुतः तीत अनेकदा तीन औषधे क्रमाने योजलेली असतात. मिडाझोलॅमने चिंता शमून गुंगी येते, फेंटॅनिलने वेदना दबते आणि प्रोपोफोलने शुद्ध हरपते.

या तिहींची गती सारखी नाही. शिरेतून दिलेल्या प्रोपोफोलने साधारणतः मिनिटाच्या आत शुद्ध हरपते; उरलेल्या दोहोंचा पूर्ण परिणाम दिसावयास मात्र सुमारे तीन ते पाच मिनिटे लागतात. रोगी अद्याप जागा आहे असे पाहून तेवढ्यात दुसरी मात्रा दिली, तर दोन्ही मात्रांचा भार पुढे एकत्रच पडतो. वृद्धांत परिणाम उशिरा दिसतो, आणि मात्रा मात्र कमी पुरते.

शिवाय ही बेरीज साधी नव्हे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींना केवळ मिडाझोलॅम दिले असता कोणाच्याही रक्तातील प्राणवायू धोक्याइतका घटला नाही. केवळ फेंटॅनिलने तो ६ जणांत घटला. दोन्ही एकत्र देताच ११ जणांत घटला, आणि ६ जणांचा श्वास काही काळ थांबला.

या हिशेबात रोग्याने घरी घेतलेले द्रव्यही धरावे लागते. बल्लारपूरच्या परिसरात मराठी, हिंदी, तेलुगू व गोंडी या भाषा बोलल्या जातात. ‘काही औषध घेता काय?’ या प्रश्नात मोहाची दारू येत नाही. बोलणाऱ्याच्या लेखी ती औषधच नव्हे. पोटात असलेले मद्य गुंगी वाढवते. उलट नित्य पिणाऱ्यास, तो त्या वेळी प्यालेला नसल्यास, नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. यास्तव दारू, झोपेची गोळी, वेदनाशामक गोळी यांविषयी नावानिशी विचारावे, आणि शेवटी केव्हा घेतली तेही विचारावे.

गुंगी किती चढली हे रोगी हाकेला कसा प्रतिसाद देतो यावरूनही जोखतात. गोंडीभाषी वृद्धेस मराठीत प्रश्न केला व ती गप्प राहिली, तर ते मौन औषधाचे की अनोळखी भाषेचे, हे कसे ठरवावे? म्हणून तिच्या भाषेतील दोन-चार प्रश्न आधीच ठरवून ठेवावेत, श्वासावर अखंड दृष्टी असावी, आणि पहिल्या मात्रेचा परिणाम पूर्ण दिसेपर्यंत दुसरीसाठी हात आवरावा. हे थांबणे उपचाराचेच अंग होय.