गुणफलकात न मावणारा रसेल
सर्वकालीन खेळाडूंमधून काल्पनिक संघ निवडताना एनबीए बास्केटबॉलचे चाहते आधी गुणांची सरासरी पाहतात. त्या मापाने विल्ट चेंबरलेन अजोड ठरतो: १९६१-६२च्या हंगामात सामन्यामागे ५०.४ गुण. तरीही त्या वर्षी खेळाडूंनीच मते देऊन सर्वोत्तम ठरवले ते बिल रसेलला. रसेलचे मोल बचावात होते आणि अडवलेल्या फटक्यांची अधिकृत नोंद १९७३-७४पर्यंत होतच नव्हती.

रसेल ज्यात खेळला तो बॉस्टनचा संघच बलाढ्य होता, हा आक्षेप रास्त आहे. पण रसेल येण्यापूर्वी त्या संघाला एकही विजेतेपद मिळाले नव्हते. त्याच्या १३ हंगामांत ११ मिळाली. १९६९मध्ये तो आणि सॅम जोन्स निवृत्त झाले आणि पुढच्याच हंगामात संघ बाद फेरीलाही मुकला. म्हणून निवड करताना गुणांइतकाच, खेळाडूमुळे संघ किती जिंकला याचाही हिशेब मांडायला हवा.