कोलिस्टिनच्या आधीचे तीन दिवस

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना अँटिबायोटिकांची नावं पाठ झालेली असतात. मेरोपेनेम झालं, आता कोलिस्टिन लिहून दिलंय, असं ते गावाकडे फोनवर सांगतात. किनवट, देगलूर, उदगीर, निलंग्याहून आलेल्या या माणसांच्या आवाजात थोडा दिलासाही असतो, कारण ‘हेवी’ औषध सुरू झालं की उपचार जोरात चालले, अशी आपली समजूत आहे. डॉक्टरांच्या लेखी मात्र कोलिस्टिन लिहायची वेळ आली म्हणजे बहुतेक वाटा बंद झालेल्या असतात.

हे औषध नवंही नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये एका जिवाणूपासून ते मिळालं. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून १९७०नंतर मागे पडलं आणि दुसरं काही चालेना तेव्हा पुन्हा बाहेर काढावं लागलं. फुप्फुसात ते पुरेसं उतरत नाही. प्रोटिअस, सेराशिया या जंतूंवर ते मुळातच चालत नाही. कोलिस्टिन लागू पडेल का, हे तपासायला प्रयोगशाळेतली नेहमीची चकतीची पद्धत भरवशाची नाही. त्यासाठी वेगळी, वेळखाऊ चाचणी लागते. म्हणून अंदाजाने दिलेलं कोलिस्टिन कधी कधी जंतू तसाच ठेवतं आणि क्रिॲटिनिन तेवढं वाढवतं.

ही वेळ येणार, हे महाराष्ट्रातूनच सांगितलं गेलं होतं. मार्च २०१०मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणाऱ्या २४ जंतूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हे जनुक सापडलं. मेरोपेनेमसारखी औषधं फोडून टाकणारं विकर या जनुकामुळे तयार होतं. पुढे देशभर वाद झाला तो मुख्यतः ‘एनडीएम’मधल्या ‘एनडी’त नवी दिल्लीचं नाव का, यावर. जंतू बाजूलाच राहिला.

त्या जंतूवरचं एक उत्तर मराठवाड्यातच शोधलं गेलं, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. त्या कंपनीचं झिडेबॅक्टम हे संयुग सेफेपिम या जुन्या औषधाच्या जोडीने दिलं जातं. जंतूचं विकर थोपवण्यावरच त्याची सगळी भिस्त नाही. जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला झिडेबॅक्टम धरतं, दुसऱ्याला सेफेपिम, भिंत ढासळते. म्हणूनच एनडीएम बाळगणाऱ्या जंतूंवरही ही जोडी चालते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २०२५मध्ये तिच्या मंजुरीसाठी अर्ज झाला.

पण औषध शोधलं गेलं म्हणजे रुग्णापर्यंत पोचलं, असं होत नाही. एप्रिल २०२५मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९मध्ये भारतात कार्बापेनेम-प्रतिरोधी जंतुसंसर्गाचे सुमारे १० लाख रुग्ण होते. योग्य औषध मिळालेले त्यात ७.८ टक्के. एकीकडे सर्दी-तापाला मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय ॲझिथ्रोमायसिन, दुसरीकडे खऱ्या गरजवंताच्या हाती काहीच नाही. या दोन्हींच्या मुळाशी मला एकच उणीव दिसते: वेळेवर न झालेलं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची चाचणी.

रक्ताचं कल्चर पहिला डोस देण्याआधी घ्यावं लागतं, आणि जंतू कोणता, कोणत्या औषधाला दबतो, हे कळायला साधारण दोन-तीन दिवस जातात. आपल्याकडचा रुग्ण गावात दोन इंजेक्शनं, तालुक्याला सलाईन आणि तिसरं औषध घेऊन जिल्ह्याला पोचतो. मग बाटलीत काही उगवत नाही, आणि डॉक्टरांना अंदाजानेच वरच्या पायरीचं औषध चढवावं लागतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख, या दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांवर असे उशिरा आलेले रुग्ण येऊन पडतात. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला विष्णुपुरीत २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा औषधं, मनुष्यबळ, गर्दी यांवर बोललं गेलं, आणि ते रास्तच होतं. खाटांहून जास्त रुग्ण असलेल्या कक्षात जंतू हातोहात फिरतात. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात नवजातांच्या रक्तात सर्वाधिक ॲसिनेटोबॅक्टर सापडला, आणि त्यातले पाचापैकी चार जंतू अनेक औषधांना प्रतिरोधी होते. अशा कक्षात पुरेशा परिचारिका आणि हात धुवायला पाणी यांचं मोल कोलिस्टिनपेक्षा कमी नाही.

औषध जपून वापरायची शिस्त लावता येते. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन केंद्राने जुलै २०१९मध्ये बंद केलं, ते योग्यच झालं.

माणसांच्या बाबतीत ही शिस्त जमत नाही, हे मात्र मला पटत नाही. क्षयरोगात ती जमली आहे. बेडाक्विलिन हे क्षयाचं औषध २०१६मध्ये देशात मोजक्या केंद्रांतून, नोंद करून सुरू झालं. ते कुणाला द्यायचं, हे चाचणी ठरवते. गोव्यात तयार होणारं, क्षय तपासणारं ट्रूनॅट यंत्र तालुक्यापर्यंत आलं. थुंकीचा नमुना तालुक्याहून प्रयोगशाळेत जातो, अहवाल परत येतो. त्याच वाटेने मुखेड किंवा अहमदपूरहून रक्ताच्या कल्चरची बाटली त्याच दिवशी विष्णुपुरीला, लातूरला जायला हवी. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी आपल्या जिल्ह्यात कोणता जंतू कशाला दबतो, याचा तक्ता दरवर्षी छापून गावोगावच्या डॉक्टरांच्या टेबलावर पोचवायला हवा. यासाठी लागणारा खर्च मागायची जागा जिल्हा नियोजन समिती आहे.